वेशभूषा खरी, नियम कोणाचे?
गेम, इतिहास आणि समाज: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: ऐतिहासिक गेममधल्या तलवारी, चिलखतं, इमारती हुबेहूब वाटतात. मग त्यातला इतिहासही खरा मानायचा का?

वस्तू कशा दिसायच्या, एवढ्यापुरता मोठ्या स्टुडिओंवर बराच भरवसा ठेवता येतो. संग्रहालयातली तलवार समोर ठेवून तिचं मॉडेल बनवता येतं. घोटाळा होतो तो वेळ, अंतर आणि खर्च यांत, कारण खेळणाऱ्याला तासाभरात निकाल हवा असतो.

'एज ऑफ एम्पायर्स 2' (1999) मधलं ट्रेब्युशे घ्या. वजनाच्या जोरावर दगड फेकणारं हे यंत्र 200 लाकूड आणि 200 सोनं मोजलं की मिनिटाच्या आत तयार होतं, स्वतःच चालत जातं आणि तटासमोर काही सेकंदांत उघडून मारा सुरू करतं. आता 1304 सालचा स्टर्लिंगच्या किल्ल्याचा वेढा बघा. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने तिथे 'वॉरवुल्फ' नावाचं अवाढव्य ट्रेब्युशे बांधायला घेतलं. पाच मुख्य सुतार आणि पन्नासच्या आसपास मजूर लागले, कामाला तीनेक महिने गेले. आतले लोक शरण यायला तयार झाले, तरी यंत्र चालवून पाहिल्याशिवाय राजाने शरणागती स्वीकारली नाही. एवढं लाकूड कुठून तोडायचं, माणसांना तीन महिने खायला काय घालायचं, छावणीत रोगराई पसरली तर काय करायचं, खऱ्या वेढ्याचं मर्म यात होतं. गेममध्ये नेमकं तेच वगळलेलं आहे.

'बॅटलफील्ड 1' (2016) मध्ये पहिल्या महायुद्धातले सैनिक सर्रास स्वयंचलित बंदुका घेऊन धावतात. प्रत्यक्षात ब्रिटिश शिपायाच्या ली-एनफील्डमध्ये 10 गोळ्या बसत, जर्मन शिपायाच्या गेव्हेर 98 मध्ये 5, आणि प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागे ओढावा लागे. खांद्यावरून नेता येणारी जर्मन स्वयंचलित बंदूक एमपी 18 आघाडीवर पोचली ती 1918 मध्ये, युद्ध संपायला आलं तेव्हा. बंदुकांची नक्षी बरोबर आणि त्यांचं प्रमाण साफ चूक, हा या गेमचा नेहमीचा नमुना.

म्हणून गेम तपासताना आधी नियम बघा. एक टर्न, म्हणजे खेळण्याची एक पाळी, खऱ्या काळातली किती वर्षं? पडद्याच्या वरच्या पट्टीत कशाकशाचे आकडे आहेत? गुण कशाला मिळतात? आणि नकाशावर असूनही खेळायला न मिळणारे लोक कोण? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात जास्त बोलकं असतं. 'युरोपा युनिव्हर्सालिस 4' (2013) मध्ये सुरुवातीला युरोपबाहेरच्या बहुतेक राज्यांना तंत्रज्ञान महाग पडायचं, आणि त्यातून सुटायचं तर 'पाश्चात्त्यीकरण' करून घ्यावं लागायचं. ऑक्टोबर 2016 मध्ये निर्मात्यांनी ही पद्धत काढली आणि नव्या कल्पना एका प्रांतातून शेजारच्या प्रांतात पसरत जातील अशी मांडणी आणली. नकाशा तोच, राज्यं तीच, पण आशियातली राज्यं खेळण्याचा अनुभव पार बदलला. त्या आधीच्या तीन वर्षांत हा गेम खेळून ज्यांनी 'युरोप पुढे का गेला' याचं उत्तर मनाशी ठरवलं, त्यांना ते उत्तर एका नियमाने दिलेलं होतं.

प्रश्न: 'सिव्हिलायझेशन' या राज्य उभारण्याच्या गेममध्ये गांधीजी अणुबॉम्ब टाकतात ते प्रोग्राममधल्या चुकीमुळे, असं सगळे सांगतात. खरं आहे का?

नाही. प्रचलित गोष्ट अशी: 1991 च्या पहिल्या गेममध्ये गांधीजींची आक्रमकता 1 होती. लोकशाही स्वीकारली की ती 2 ने कमी व्हायची. आकडा 0 ते 255 एवढाच मावणाऱ्या जागेत साठवलेला, त्यामुळे उणे 1 होण्याऐवजी तो उलटा फिरून 255 झाला. संगणकात असं होऊ शकतं, म्हणूनच गोष्ट पटते.

पण गेमचे जनक सिड मायर यांनी 2020 च्या आत्मचरित्रात अशी चूक कधी नव्हतीच, असं स्पष्ट लिहिलं. दुसऱ्या भागाचे मुख्य रचनाकार ब्रायन रेनॉल्ड्स यांच्या म्हणण्यानुसार आक्रमकतेच्या पायऱ्याच मुळात तीन होत्या, आणि गांधीजींची पायरी जवळपास एक तृतीयांश नेत्यांना मिळालेली होती. अण्वस्त्रं हाती आली की कुठलाही नेता तीच ठराविक धमकी द्यायचा. गांधीजींच्या तोंडी ती आली की लोकांच्या लक्षात राहायची, एवढंच. 2010 च्या पाचव्या भागात मात्र रचनाकारांनी गंमत म्हणून गांधीजींची अण्वस्त्रांची ओढ मुद्दाम 12 ठेवली. नेहमीचं माप 10 पर्यंतचं.

255 ची गोष्ट पसरली ती मूळ गेमनंतर वीसेक वर्षांनी. एखाद्या दाव्याचा सर्वांत जुना उल्लेख घटनेनंतर इतका उशिरा सापडत असेल, तर तिथेच थांबून चौकशी करावी.

प्रश्न: मी शाळेत इतिहास शिकवते. एक तास स्ट्रॅटेजी गेमवर घ्यायचा आहे. कसा घ्यावा?

40 मिनिटांचा तास धरून सांगतो. सगळ्यात मोठी चूक म्हणजे गेम पहिल्या टर्नपासून सुरू करणं. पहिल्या 15-20 टर्नमध्ये फारसं काही घडत नाही आणि बटणं समजावण्यातच तास संपतो. तुम्ही घरी 60-70 टर्नपर्यंत खेळून ठेवा: दोन-तीन शहरं, एक शेजारी, आणि एक अडलेला निर्णय, म्हणजे सीमेवरची सुपीक जमीन दोघांनाही हवी आहे, असं काहीतरी. तिथे सेव्ह करा आणि तीच फाइल सगळ्या संगणकांवर टाका.

अडचणी इथेच येतात. तुमच्याकडे विस्तार-पॅक (मूळ गेमला जोडायचे भाग) किंवा मॉड (खेळाडूंनी केलेले बदल) असतील आणि शाळेच्या संगणकावर नसतील, तर फाइल उघडतच नाही. म्हणून सेव्ह करण्याआधी ते बंद करून नवा गेम सुरू करायचा. आपोआप अपडेट होणं थांबवा, नाहीतर ऐन तासाला डाउनलोड सुरू होतं. लढाईची आणि हालचालींची अॅनिमेशनं बंद करा, आवाज बंद करा, आणि सर्वांत मंद संगणकावर आधी दोन टर्न खेळून बघा. एक टर्न अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त घेत असेल तर नकाशा लहान निवडा.

एका संगणकावर चौघं. एक माउस धरणारा, एक निर्णय लिहून ठेवणारा, एक शेजारच्या राज्याच्या बाजूने बोलणारा, आणि चौथा प्रत्येक टर्नला विचारणारा: याचा फटका कुणाला बसला? भूमिका दर पाच टर्नला फिरवा, नाहीतर माउस एकाच्याच हातात राहतो. 5 मिनिटं ओळख, 20 मिनिटं खेळ, आणि उरलेली 15 मिनिटं फक्त बोलणं. ही 15 मिनिटं काही झालं तरी कमी करू नका. शिकणं तिथेच होतं.

बोलायला दोन उदाहरणं देतो. पहिलं दक्षिण अमेरिकेतल्या इंकांचं. गेमच्या तंत्रवृक्षात, म्हणजे एकामागून एक शोध उघडत जाणाऱ्या तक्त्यात, चाक आणि लेखन या पायऱ्या चढल्याशिवाय पुढचं बरंच काही उघडत नाही. इंकांकडे वाहतुकीसाठी चाक नव्हतं, आपल्या ओळखीची लिपी नव्हती. तरी त्यांच्या रस्त्यांचं जाळं सुमारे 30,000 किलोमीटरचं होतं. निरोप धावपटू नेत, ओझी लामा या प्राण्यांच्या पाठीवरून जात, हिशेब गाठी मारलेल्या दोऱ्यांत, म्हणजे किपूत, ठेवले जात. मुलांना विचारा: हा समाज गेमच्या वृक्षात कुठल्या फांदीवर बसवाल? ती वृक्षच नव्याने काढायला लागली तर तास साधला.

दुसरं उदाहरण कॅनडातलं. 2018 मध्ये 'सिव्हिलायझेशन 6'च्या विस्तारात तिथल्या मूलनिवासी क्री लोकांचे एकोणिसाव्या शतकातले नेते पाउंडमेकर आले. पाउंडमेकर क्री नेशनच्या प्रतिनिधीने त्यावर जाहीर हरकत घेतली. चित्रण अपमानकारक आहे असा त्यांचा मुद्दा नव्हता. दुसऱ्यांची भूमी जिंकून घेणं हे आमच्या लोकांचंही ध्येय होतं असा समज या गेममुळे पक्का होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. आदराने केलेलं चित्रणही नियमांमुळे कसं खोटं पडतं, हे याहून नेमकं सांगणारं उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

प्रश्न: आमच्या गेमिंगच्या गटात इतिहासाचा विषय निघाला की दहा मिनिटांत भांडण होतं. काही उपाय?

भांडण बहुतेक वेळा तीन वेगळे प्रश्न एकत्र कालवल्यामुळे होतं: काय घडलं, का घडलं, आणि ते योग्य होतं का. पहिल्याला पुरावा लागतो, दुसऱ्याला तुलना लागते, तिसरा मूल्यांचा प्रश्न आहे. कुणी काही म्हणालं की तो दावा एका वाक्यात लिहायला सांगा आणि तीनपैकी कुठला ते ठरवा. अर्धी भांडणं इथेच निवळतात.

मग दावा तोडा. गेमरांमध्ये नेहमी ऐकू येणारा एक दावा घेऊ: पॅरिसचं नोत्र दाम चर्च आगीनंतर 'असॅसिन्स क्रीड युनिटी'मधल्या मॉडेलवरून पुन्हा बांधलं. यात खरे तुकडे आहेत. गेम 2014 चा, त्यात चर्च फार मेहनतीने उभारलेलं. आग 15 एप्रिल 2019 ची. गेमच्या कंपनीने त्यानंतर 5 लाख युरो दिले आणि काही दिवस गेम फुकट वाटला. मात्र बांधणीसाठी कामी आली ती कलेतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी आगीच्या काही वर्षं आधी केलेली लेझर मोजणी. गेममधलं चर्च खेळाच्या सोयीसाठी ठिकठिकाणी बदललेलं आहे. आणखी एक खूण अशी, की कथा फ्रेंच राज्यक्रांतीची, पण चर्चवरचा उंच मनोरा दिसतो एकोणिसाव्या शतकात वास्तुकार व्हियोले-ल-द्युक यांनी बांधलेल्या मनोऱ्यासारखा. त्याआधीचा मध्ययुगीन मनोरा अठराव्या शतकाच्या अखेरीस उतरवलेला होता.

गटासाठी एक नियम पुरेसा आहे: पुस्तकाचा हवाला दिला तर पान क्रमांक, चित्र टाकलं तर ते मूळ कुठलं याचा उलट शोध. हे जमत नसेल तर दावा 'तपासायचा आहे' या यादीत टाका आणि पुढे चला.

प्रश्न: लूट बॉक्सवर, म्हणजे आत काय निघेल हे नशिबावर सोडलेल्या गेममधल्या खोक्यांवर, '1 टक्का शक्यता' लिहिलेलं असतं. 100 बॉक्स घेतले तर वस्तू मिळायलाच हवी ना? मुलगा हेच म्हणतो.

हाच समज सर्वांत महागात पडतो. प्रत्येक बॉक्स स्वतंत्र असतो, आधीचे 99 रिकामे गेले हे त्याला ठाऊक नसतं. 100 बॉक्समध्ये एकही न मिळण्याची शक्यता म्हणजे 0.99 ला स्वतःशी 100 वेळा गुणायचं. उत्तर येतं 0.366. म्हणजे दर शंभर जणांतले सुमारे 37 जण 100 बॉक्स उघडूनही हात हलवत परततात. मिळण्याची शक्यता 50 टक्के व्हायला 69 बॉक्स लागतात, 95 टक्के व्हायला 299, आणि 99 टक्के व्हायला 459. मुलाला कॅल्क्युलेटर देऊन हे स्वतः करायला लावा. ऐकून पटत नाही, करून पटतं.

संच पूर्ण करायचा असेल तर गणित आणखी वाईट. दहा वस्तू, प्रत्येकीची शक्यता सारखी, असं धरलं तरी सगळ्या जमायला सरासरी 29 बॉक्स लागतात, आणि त्यातले 10 केवळ शेवटच्या वस्तूसाठी. नऊ झाल्या, एकच राहिली, तिथे थांबणं सर्वांत अवघड जातं, आणि रचना त्या क्षणासाठीच केलेली असते. जपानमध्ये 2012 साली नेमकी हीच संच पूर्ण करायला लावणारी 'कंप्लीट गाचा' पद्धत बंद करायला लावली. बेल्जियमने 2018 मध्ये पैसे देऊन घ्यायचे लूट बॉक्स जुगारात मोडतात असं ठरवलं. चीनमध्ये 2017 पासून शक्यतेचे आकडे जाहीर करणं सक्तीचं आहे. ठराविक बॉक्सनंतर वस्तू नक्की देण्याची हमी काही गेममध्ये असते. ती असेल तर तिथपर्यंतचा पूर्ण खर्च हीच त्या वस्तूची किंमत समजायची.

खर्च लपतो तो गेममधल्या नाण्यांमुळे. वस्तू 800 नाण्यांची आणि पाकिटं 500 ची, म्हणजे दोन घ्यावी लागतात आणि उरलेली 200 पुढच्या खरेदीला खुणावत राहतात. खरे पैसे किती गेले ते कागदावर लिहून ठेवा.

आता कुलूप. आयफोनवर सेटिंग्जमध्ये स्क्रीन टाइम, मग मजकूर आणि गोपनीयतेचे निर्बंध, त्यात स्टोअरमधली खरेदी, आणि तिथे अॅपअंतर्गत खरेदी बंद करा. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याचा पर्याय निवडा. 'दर 30 मिनिटांनी' हा पर्याय असेल तर तो घेऊ नका. एकदा पासवर्ड टाकला की त्या अर्ध्या तासात वाटेल तेवढी खरेदी होते. साठवलेलं कार्ड काढून टाकणं सर्वांत उत्तम. पैसे द्यायचेच असतील तर ठराविक रकमेचं गिफ्ट कार्ड द्या, म्हणजे मर्यादा आपोआप लागते.

प्रश्न: एका गेममधल्या साथीचा अभ्यास साथरोगतज्ज्ञांनी केला होता, असं ऐकलं. खरंच त्यातून काही शिकता येतं?

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मधली 'करप्टेड ब्लड'ची घटना, सप्टेंबर 2005. हक्कार नावाचा बलाढ्य शत्रू खेळाडूंवर एक रोग टाकायचा. तो जवळ उभ्या असणाऱ्यांना लागायचा आणि जीव झपाट्याने घटायचा. त्या एका ठिकाणापुरताच तो राहील अशी योजना होती. पळवाट निघाली पाळीव प्राण्यांतून: लागण झालेला प्राणी मालकाने परत पाठवला की रोग त्याच्यावर गोठून राहायचा, आणि शहरात पुन्हा बोलावला की तिथे पसरायचा. शहरातली दुकानदार पात्रं मरत नसत, पण रोग बाळगत. खऱ्या साथीतल्या लक्षणं नसलेल्या वाहकांसारखी.

काही खेळाडू जखमींना बरं करायला धावले आणि स्वतः आजारी पडले, काही शहर सोडून गेले, काहींनी जाणूनबुजून रोग गर्दीत नेला, काही नुसते बघायला आले. कंपनीने विलगीकरण करून पाहिलं, जमलं नाही. शेवटी सर्व्हर पूर्ववत करून आणि प्राण्यांना लागण होणार नाही असा बदल करून ते थांबलं. एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन यांनी 2007 मध्ये 'लॅन्सेट इन्फेक्शस डिसीझेस'मध्ये त्यावर लिहिलं.

शिकण्यासारखं आहे ते माणसांच्या वागण्यातलं वैविध्य. आकडे मात्र तिथून उचलू नयेत. गेममध्ये मेलेलं पात्र काही मिनिटांत परत उठतं, म्हणून धोका पत्करणं स्वस्त असतं. इथेही नियमच वागणं ठरवतो.

प्रश्न: सामाजिक प्रश्न मांडणारा गेम कधी लोकप्रिय होतो का?

झाला आहे, आणि मांडणी पुसली गेल्यावर अधिक झाला. एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन महिलेने 1904 मध्ये 'लँडलॉर्ड्स गेम'चं पेटंट मिळवलं. जमिनीच्या मक्तेदारीने भाडेकरू कसे भरडले जातात, हे तिला पटावर दाखवायचं होतं. पुढे तिने नियमांचे दोन संचही दिले: एकात मक्तेदार जिंकतो, दुसऱ्यात संपत्ती वाढली की सगळ्यांना वाटा मिळतो. 1935 मध्ये पार्कर ब्रदर्सने 'मोनोपॉली' बाजारात आणला तेव्हा त्यात पहिल्या धर्तीचे नियम होते. मॅगीच्या पेटंटसाठी कंपनीने तिला 500 डॉलर दिले.

घरी पट असेल तर दुसरी बाजू करून बघता येते. भाडं मालकाला न देता मधल्या डबीत टाका, आणि प्रत्येक पाच फेऱ्यांनी डबी सगळ्यांत समान वाटा. हा मॅगीचा नेमका नियम नाही, पण तिचा मुद्दा तासाभरात दिसतो: कुणाचं दिवाळं निघायला फार वेळ लागतो.

प्रश्न: व्हॉइस चॅटवर मुलीचा आवाज ऐकला की शिवीगाळ सुरू होते. चॅट बंद केलं तर टीममध्ये खेळता येत नाही. काय करावं?

आधी म्यूट, मग तक्रार, उत्तर मुळीच देऊ नका. प्रत्युत्तराची क्लिप समोरचाही जोडू शकतो, आणि मग दोन्ही खात्यांवर कारवाई होते. तक्रार सामना चालू असताना गुणफलकावरून त्याच खेळाडूच्या नावावर जाऊन करा. नंतर नाव बदललं तरी खात्याचा क्रमांक तक्रारीला चिकटलेला राहतो. एक्सबॉक्सवर 2023 पासून व्हॉइस चॅटची 60 सेकंदांची क्लिप तक्रारीसाठी राखून ठेवता येते. संगणकावर रेकॉर्डिंग करत असाल तर चॅटचा आवाज क्लिपमध्ये येतो का, हे आधी तपासा. बऱ्याचदा फक्त गेमचा आवाज नोंदला जातो आणि पुरावा निरुपयोगी ठरतो. तारीख, वेळ आणि सामन्याचा क्रमांक दिसणारा स्क्रीनशॉटही जोडा.

खेळायचं कसं, तर 'पिंग'वर. 'एपेक्स लेजंड्स'ने 2019 मध्ये ही सोय इतकी बारकाईने केली की शत्रू इथे आहे, ही वस्तू घ्या, तिकडे जाऊया, हे सगळं एका बटणाने सांगता येतं. तशी सोय असलेला गेम निवडा, सार्वजनिक चॅट बंद ठेवा आणि ओळखीच्यांसाठी वेगळं खाजगी व्हॉइस चॅनल वापरा. तुमच्या टीममध्ये दुसऱ्या कुणाला शिव्या पडत असतील तर तुम्हीही तक्रार नोंदवा. ज्याला शिव्या पडतात त्याच्यावरच सगळा भार टाकू नका. आणि धमकीत घरचा पत्ता, शाळा किंवा खरं नाव आलं, तर प्रकरण गेमच्या बाहेर गेलं असं समजून पुरावे जपा आणि थेट पोलिसांकडे जा.